शरणप्पांच्या तळ्याखालची अकरा घरं

आमचे साडू शरणप्पा घरी आलेल्या माणसाला आधी पाणी देत नाहीत, पाणी दाखवतात. तुम्ही उन्हातून आलेले असा, घशाला कोरड पडलेली असो, पायातली चप्पल निघायच्या आत ते काचेची एक बाटली तुमच्या डोळ्यांसमोर धरतात, तुम्हाला सूर्याकडे तोंड करून उभं करतात आणि विचारतात, "निवळ हाय न्हवं?" तुम्ही हो म्हणालात की त्यांचा चेहरा खुलतो आणि ते आत वळून चहा टाकायला सांगतात. चुकून 'जरा गढूळ वाटतंय' असं तोंडातून गेलं, तर चहा राहतो बाजूला आणि तुमची वरात थेट तळ्यावर निघते. मी एकदा गंमत म्हणून तसं म्हणालो होतो. त्या दिवशी मला दुपारचं जेवण साडेचारला मिळालं.

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की तासाभरात त्यांचं गाव येतं. गावाच्या वरच्या अंगाला, स्वतःच्याच रानात, शरणप्पांच्या वडिलांनी ओढ्याला आडवा मातीचा बांध घालून तळं केलं. बैलं, गाढवं आणि भावकीतली माणसं लावून तीन उन्हाळे काम चाललं होतं म्हणे. गाव त्याला तळं म्हणतं, शरणप्पा धरण म्हणतात. मातीचा बांध म्हटला की त्यातून थोडं पाणी पाझरायचंच. ते पायथ्याशी जिथं बाहेर येतं, तिथं शरणप्पा रोज सकाळी बाटली भरतात. पाणी निवळ असेल तर नुसतं पाणीच बाहेर पडतंय, काळजी नाही. गढूळ आलं तर त्याच्याबरोबर बांधाची मातीही आतून निघून चालली आहे आणि एक दिवस सगळंच निघून जाईल. हे मला त्यांनी इतक्या वेळा सांगितलंय की मी चष्म्याचं दुकान बंद करून यावर क्लास काढू शकेन.

माझं सोलापुरात नव्या पेठेत चष्म्याचं दुकान आहे. शरणप्पांनी माझ्याकडून आजवर एकही चष्मा घेतला नाही, पण बाटलीतल्या पाण्यात मातीचा कण दिसतो का ते बघायला तीन भिंगं नेली. घरात देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर अशा बाटल्या ओळीनं मांडलेल्या असतात, प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी. आमच्या हिला एकदा वाटलं, हे श्रीशैलचं तीर्थ असणार. तिनं बहिणीला न विचारता एक बाटली सोलापूरला आणली आणि शेजारपाजारच्या सात घरांत चमचा चमचा वाटली. वरच्या मजल्यावरच्या काकूंची गुडघेदुखी त्यानं थांबली. शरणप्पांना हे कळल्यावर त्यांनी फक्त बाटलीवरची तारीख विचारली आणि त्या दिवसाची नोंद गेली म्हणून दोन दिवस हळहळत राहिले.

या धरणाची कुणातरी साहेबानं येऊन तपासणी करावी, अशी त्यांची फार इच्छा होती. एका कचेरीत त्यांनी तसा अर्ज दिला. तिथल्या कारकुनानं यादी चाळली आणि सांगितलं की असं धरण आमच्याकडे नाहीच, आणि नसलेल्या धरणाची तपासणी करता येत नाही. शरणप्पा चार हेलपाटे घालून शेवटी म्हणाले, मग मीच करतो. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते इस्त्रीचा शर्ट घालतात, खिशाला पेन लावतात आणि साहेब होऊन बांधावर जातात. बांधाच्या माथ्यावर दोन खुंट्या ठोकून दोरी ताणतात आणि माती कुठं बसली आहे का ते बघतात. उरलेले दिवस ते चौकीदार असतात. साहेबाला काही चूक सापडली तर तो चौकीदाराला झापतो आणि घरी आल्यावर चौकीदार अक्काजवळ साहेबाची तक्रार करतो. अक्का म्हणजे माझी मोठी मेहुणी. तिला दोघांचंही ऐकावं लागतं आणि दोघांनाही जेवायला वाढावं लागतं.

"पाव्हणं, पाण्याला रविवार नसतोय," हे त्यांचं आवडतं वाक्य. आपण सुट्टीला जातो, लग्नाला जातो, आजारी पडतो, पाणी मात्र चोवीस तास बांधाला रेटत असतं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे पावसाळ्यात ते मुक्कामाला कुठेच जात नाहीत. माझ्या मुलीच्या लग्नाला आले तेव्हा अक्षता पडेपर्यंत थांबले, मग मांडवाच्या कडेला जाऊन आभाळाकडे बघितलं आणि हुग्गीचं, म्हणजे गव्हाच्या खिरीचं, ताट समोर आलेलं असताना मोटारसायकलला किक मारून निघून गेले. व्याही मला विचारत राहिले की पाहुणे कशावरून रुसले. एरवीही पावसाळ्यात दिवसाआड त्यांचा फोन येतो, तिकडं आभाळ कसं आहे म्हणून. त्यांच्याकडचे ढग सोलापूरवरून येतात हा त्यांचा शोध. मग मी गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा तसाच सोडून गच्चीवर जातो.

खेकड्यांशी त्यांचं वैर आहे. खेकडा बांधात बीळ करतो आणि बिळातून पाणी वाट काढतं. आता घर कट्टर शाकाहारी, गळ्यात लिंग, खेकडा मारायचा कसा? शरणप्पा खेकडे धरून बादलीत घालतात, बादली मोटारसायकलला अडकवतात आणि दोन गावं ओलांडून एका नाल्यात सोडून येतात. रस्त्यात लोक विचारतात, अण्णा, आज रस्सा का? ते गाडी पुढे दामटतात. सोडलेलेच खेकडे परत येतात असा त्यांना संशय होता, म्हणून एका वर्षी त्यांनी प्रत्येकाच्या पाठीवर निळ्या ऑइलपेंटचा ठिपका लावला. महिन्याभरानं तिकडच्या गावातला एक माणूस, आमच्या नाल्यात वेगळ्या जातीचे खेकडे झालेत, असं सांगत आला. शरणप्पा त्या दिवशी समाधानानं दोन भाकऱ्या जास्त जेवले.

गावात मात्र त्यांचं नाव खराब झालं ते झाडांमुळे. एका पावसाळ्यात गावानं ठरवलं की शरणप्पांचा सत्कार करायचा आणि त्यांच्याच बांधावर झाडं लावायची. शाळेची मुलं आली, मोठ्या पाहुण्यांचं भाषण झालं, फोटो झाले आणि बांधावर रोपांची रांग उभी राहिली. शरणप्पा शाल अंगावर घेऊन घामाघूम होऊन बसले होते. झाड मोठं झालं की मूळ बांधात शिरतं, झाड मेलं की मूळ कुजतं आणि आत पोकळी राहते, हे भाषण चालू असताना सांगायचं कसं? दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी सगळी रोपं उपटली. उपटलेलं एकेक रोप त्यांनी स्वतःच्या रानाच्या कडेला लावलं, पाणी घालून जगवलं, आज तिथं चांगली सावली आहे. पण गावाला उपटलेली तेवढी दिसली आणि शरणप्पांचं 'झाडाचा वैरी' असं नाव पडलं.

हे सगळं कशासाठी, तर बांधाखालच्या अकरा घरांसाठी. तळं झाल्यावर खालचा ओढा कोरडा पडला. कोरडा ओढा म्हणजे सपाट मोकळी जागा. हळूहळू तिथं एक घर झालं, मग दुसरं. शरणप्पा प्रत्येक घराच्या पायाला जाऊन आडवे आले. ओढ्यात घर बांधू नका म्हणून सांगून त्यांचं तोंड दुखलं. लोक म्हणाले, "अण्णा, ओढ्याला पाणी कुटं हाय? ते तर तुमच्या तळ्यात हाय की." घरं अकरा झाली.

तेव्हापासून शरणप्पा रोज संध्याकाळी त्या अकरा दारांत जातात आणि आज घरात किती माणसं आहेत ते विचारतात. पाहुणे आलेत का, कुणी बाळंतपणाला आलंय का, कुणाचा पाय मोडलाय का, सगळं. नव्या सुनांना हा माणूस कोण आणि आपली मोजदाद का करतो ते कळत नाही. सगळ्यात वरच्या घरात गंगव्वा राहते, ऐंशीच्या घरातली, एका कानानं बहिरी आणि जिभेनं तिखट. तिनं एकदा त्यांना विचारलं, "रोज मोजतोस, मग एकदा जेवाय तरी घाल की." शरणप्पा चांगल्या कानाच्या बाजूला सरकले आणि तिला म्हणाले की दारामागचं लाकूड काढून ठेव, घाईत दार उघडणार नाही. गंगव्वानं त्याच लाकडाचा त्यांना धाक दाखवला.

दोनदा त्यांनी ही अकरा घरं उठवली होती. रात्रभर पाऊस झाला, शरणप्पांना पाणी गढूळ दिसलं आणि त्यांनी सगळ्यांना शाळेत नेऊन बसवलं. दोन्ही वेळा दहाच्या सुमाराला लख्ख ऊन पडलं. बांध होता तिथंच होता. अक्कानं खिचडी करून पाठवली, ती दुसऱ्या खेपेला जरा कच्ची राहिली. गाव या प्रकाराला 'शरणप्पाची सहल' म्हणू लागलं आणि पोरं पुढची सहल कधी म्हणून विचारू लागली.

गेल्या वर्षी परतीच्या पावसात मी आणि आमची ही त्यांच्याकडे गेलो होतो. तीन दिवस पाऊस लागून राहिला होता. रविवारी सकाळी उघडलं. मी अंगणात आलो तर शरणप्पा पायरीवर बसलेले, बाटली मांडीवर. त्यांनी मला ती दाखवली नाही. मीच हात पुढे केला आणि उजेडात धरली. पाण्याचा रंग चहासारखा होता.

पावसाचं पाणी मिसळलं असेल, असं मी म्हणालो. ते म्हणाले, "पावसाचं कडेनं येतंय, पाव्हणं. ह्ये आतनं याय लागलंय."

आम्ही बांधावर गेलो. तळं काठोकाठ भरलं होतं, आणि त्याचं कारण सांडव्यावर गेल्यावर कळलं. तळं भरलं की जादाचं पाणी ज्या वाटेनं निघून जातं तो सांडवा. खालच्या घरांतल्या लोकांनी मासे वाहून जाऊ नयेत म्हणून तिथं जाळी बांधली होती आणि जाळी वाहून जाऊ नये म्हणून वाळूच्या गोण्या टाकल्या होत्या. पाणी हातभर जास्त चढलं होतं. आम्ही दोघांनी गोण्या ओढून काढल्या. माझी कंबर तेव्हाच गेली. पायथ्याशी जिथून गढूळ पाणी येत होतं तिथं शरणप्पांनी आधी वाळू आणि वर खडी टाकली, म्हणजे पाणी आलं तरी माती येऊ नये. मग ते धावतच खालच्या घरांकडे गेले आणि सगळ्यांना शाळेत चला म्हणाले.

कुणीही जागचं हललं नाही. ऊन पडलं होतं, बायकांनी धुणी वाळत घातली होती. काहीजण हसले. एकानं सहलीला गोडधोड काय आहे ते विचारलं. गंगव्वा म्हणाली, "मागल्या टायमाला खिचडी कच्ची हुती. मी न्हाय येत." शरणप्पा एकेका दारात गेले. कुणाच्या घरात किती माणसं, कुणाची सासू अंथरुणाला खिळलेली, कुणाकडे तान्हं मूल, सगळं त्यांना पाठ होतं आणि प्रत्येकाला त्यांनी ते नावानिशी सांगून बघितलं. शेवटी मधल्या मोकळ्या जागेत उभे राहून त्यांनी सगळ्यांपुढे हात जोडले. मला त्या लोकांचा संताप आला होता. आणि खरं सांगायचं तर थोडी शरणप्पांची लाजही वाटत होती, कारण मलाही हा माणूस वेडाच वाटत होता.

ते माझ्याजवळ आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "माणसं हलत न्हाईत. मग पाणी हलवाय पायजे."

गावात एकाचा जेसीबी होता. शरणप्पांनी तो सांडव्यावर आणला आणि सांडव्याचा तळ खोल खणायला सांगितला, म्हणजे तळं त्या वाटेनं रिकामं होईल. सांडव्याचं पाणी घरांकडे जात नाही, वळसा घालून शरणप्पांच्या द्राक्षबागेच्या कडेनं घरांच्या पुढे ओढ्याला मिळतं. पण एवढं पाणी एकदम सोडलं तर ते कडेनं जाणार नव्हतं, बागेतूनच जाणार होतं. बागेची छाटणी नुकतीच झाली होती. जेसीबीवाल्यानं मशीन बंद केलं आणि म्हणाला, "अण्णा, बाग जाईल की. आणि उन्हाळ्याला पाणी कुटलं?"

"बाग परत लावता येती," शरणप्पा म्हणाले. "खण तू."

सकाळी अकराला पाणी सुटलं. दुपारपर्यंत बागेचा खालचा अर्धा भाग आडवा झाला होता, तारा, खांब, वेली सगळं. शरणप्पांनी तिकडे एकदाही मान वळवून पाहिलं नाही, पायथ्याशी बसून बाटल्या भरत राहिले. संध्याकाळी पाण्याचा रंग निवळला तेव्हा तळ्यात गुडघाभर चिखल उरला होता. सगळं गाव बघायला आलं. लोक चिखलात मासे धरत होते आणि शरणप्पाचं डोकं फिरलं, बापानं बांधलेलं तळं पोरानं मोकळं केलं, असं एकमेकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलत होते. बांध जागच्या जागी उभा होता, हा तर त्यांच्याविरुद्ध मोठाच पुरावा. रात्री घरी जेवायला बसलो. शरणप्पांनी दीड भाकरी खाल्ली, हात धुतले आणि आत गेले.

सकाळी मला जाग आली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. शरणप्पा दिसेनात. अक्का आतल्या खोलीच्या उंबऱ्यात बसली होती. तिनं मला हातानंच गप्प राहायला सांगितलं आणि बाहेर अंगणात आणलं.

"सासरे गेल्यापासनं पावसाळ्यात ह्ये कदी आडवे झाले न्हाईत," ती म्हणाली. "खुर्चीत बसतेत, ब्याटरी मांडीवर. चौदा पावसाळे बगतीय मी. काल नऊला पडलेत ते अजून न्हाय उठले. रात्री दोनदा नाकाखाली बोट धरून बगितलं मी."

मी तसाच चालत तळ्यावर गेलो. उतरलेल्या पाण्यामुळे बांधाची आतली बाजू उघडी पडली होती. तिथं, एरवी पाण्याखाली असायच्या जागी, एक भगदाड होतं. कधीकाळी तोडलेल्या बाभळीचं मूळ आत कुजून गेलं होतं आणि त्या पोकळीतून पाण्यानं वाट काढली होती. रेडकू आत बसेल एवढी ती जागा होती. काठावर गंगव्वा काठी टेकून उभी होती. ती एकटी तिथवर कशी आली कुणास ठाऊक.

तिनं मला विचारलं, "ह्ये आमच्याकडं निगालं हुतं व्हय?"

मी तिच्या चांगल्या कानाशी जाऊन हो म्हणालो. ती पुन्हा एकदा त्या भगदाडाकडे वाकून बघून वळली आणि चालायला लागली. काल याच माणसाची मला लाज वाटली होती. मी तिच्या मागून निघालो.

आम्ही घरी पोचलो तर अंगण माणसांनी भरलेलं. खालच्या घरांतले सगळे आले होते. त्यांनीही ते भगदाड बघितलं असावं, कारण कुणी हसत नव्हतं. एकानं अण्णांना हाक मारायला तोंड उघडलं तेव्हा अक्कानं बोट ओठांवर ठेवलं. "मलग्यार," ती म्हणाली. झोपलेत. मग जो तो होता तिथंच खाली बसला. तान्ह्या मुलाची आई त्याला घेऊन लांब कडुनिंबाखाली गेली. आतून शरणप्पांच्या घोरण्याचा आवाज येत होता आणि अकरा घरांतली माणसं तो गप्प बसून ऐकत होती.

तेवढ्यात रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर आला, वर कर्णा आणि त्यावर दणदणीत गाणं. गंगव्वा उठली आणि काठी आडवी धरून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. ट्रॅक्टर थांबला.

"गाणं बंद कर," ती म्हणाली. "शरणप्पा झोपलाय."

ड्रायव्हर परगावचा होता. त्यानं विचारलं, कोण शरणप्पा?

"आमचा हाय," गंगव्वा म्हणाली.

त्यानं गाणं बंद केलं आणि ट्रॅक्टर हळूहळू पुढे नेला.